नायट्राइट, नायट्रेट आणि रेजेक्स

नववीच्या विज्ञानाच्या चाचण्या मी ऑनलाइन फॉर्मवर घ्यायला लागले, त्या तपासणीचा ताप वाचावा म्हणून. पर्यायांचे प्रश्न सुरळीत तपासले जात. एका शब्दाच्या उत्तरांना मात्र अक्षरन् अक्षर जुळलं तरच गुण, म्हणजे ‘ऑक्सीजन’ लिहिणाऱ्याला शून्य. शुद्धलेखनाचे गुण मराठीच्या बाई कापतातच की! मी कशाला कापू?

मग सगळी उत्तरं गूगल शीटमध्ये घेऊन ‘रेजेक्समॅच’चं सूत्र लावलं. उत्तर दिलेल्या साच्यात (यालाच ‘रेजेक्स’ म्हणतात) बसतं का, ते हे सूत्र सांगतं. साचा असा:

^(ऑक्स[िी]जन|प्राणवाय[ुू])$

चौकटी कंसातली कोणतीही एक मात्रा चालते, उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. (वेलांटी कंसालाच चिकटलेली दिसते, तिकडे लक्ष देऊ नका.) टोकांच्या दोन खुणा (^ आणि $) गाळल्या, तर उत्तरात कुठेही तो शब्द दिसला की सूत्र होकार देतं. ‘ऑक्सिजन नाही, नायट्रोजन’ यालाही! शब्दाची कड ओळखणारी खूणही इथे कामाची नाही. ती फक्त रोमन अक्षरं ओळखते.

सगळ्यात छळलं ते ‘ॲमिनो आम्ल’नं. ‘ॲ’ कधी एकसंध अक्षर म्हणून येतो, कधी ‘अ’वर चंद्र देऊन, तर कधी त्या दोघांत एक अदृश्य जोडचिन्ह घुसवून. दिसायला तिन्ही सारखेच. ते जोडचिन्ह, युनिकोडमधला क्रमांक 8205, शीटमधल्या ‘सब्स्टिट्यूट’ सूत्रानं आधी काढून टाकायचं आणि उरलेली दोन रूपं साच्यात द्यायची. पुढे-मागे राहिलेल्या मोकळ्या जागा ‘ट्रिम’ हे सूत्र काढतं.

पण सढळपणा सगळीकडे चालत नाही. नायट्रोसोमोनास जिवाणू अमोनियापासून नायट्राइट तयार करतात. त्याचं नायट्रेट करतात ते नायट्रोबॅक्टर. मधलं काहीही चालेल असा साचा दिला, तर दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात आणि नायट्रोजन चक्र शिकवलेलं वाया जातं. तिथे ^नायट्रा[इईय]ट$ एवढीच सूट.

‘कारणे लिहा’ मी सूत्राच्या वाटेला जाऊच देत नाही. ती उत्तरं हातानंच तपासते. एका शब्दाच्या प्रश्नांत सूत्रानं नाकारलेली उत्तरंही एकदा नजरेखालून घालते. एखादं रास्त रूप सापडलं की साच्यात भर घालून सगळ्यांचे गुण पुन्हा काढते. फक्त ‘नायट्रट’ लिहून ‘बाई, मात्रा राहिली’ म्हणणाऱ्यांचं ऐकत नाही. कोणती राहिली, हे सूत्राला कळत नाही आणि मलाही.