आमची वाटचाल: कुपवाडच्या शेडमधून कॉलेजच्या लॅबपर्यंत

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. मग गावोगावी कॉलेजं निघाली आणि प्रत्येकाला फ्लुइड मेकॅनिक्सची, हीट ट्रान्सफरची, थिअरी ऑफ मशीन्सची लॅब लागू लागली. ही यंत्रं करायला सांगली-मिरजेसारखी जागा नाही. पंप किर्लोस्करवाडीचा, कास्टिंग कोल्हापूर-शिरोलीचं, आणि अडलं तर विचारायला १९४७ पासूनचं वालचंद कॉलेज. कुपवाड एमआयडीसीतली आमची शेड याच काळात उभी राहिली.

भांडवल माझं होतं, हात मिस्त्रींचा. मिस्त्री म्हणजे आमचे पहिले भागीदार, आयटीआय टर्नर. पहिलं यंत्र व्हेंच्युरीमीटर-ऑरिफिसमीटरचं, म्हणजे नळीतून पाणी किती वाहतं ते मोजायचं. मिस्त्रींनी गनमेटलची व्हेंच्युरी, म्हणजे मधे अरुंद होणारी नळी, जुन्या लेथवर कंपाउंड स्लाइड वळवून कापली. तोंडाकडचा उतार साधारण २१ अंशांचा, मागचा ६-७ अंशांचा, आणि घशाशी दोन्ही उतार असे मिळवलेले की नख फिरवलं तरी कड लागू नये. मॅनोमीटर (दाब मोजायची काचेची नळी) जोडायची टॅपिंगची भोकं पाडली की आतली बर, म्हणजे कडेला उरलेला धातूचा काटा, काढायला त्यांनी एक लांब दांड्याची स्क्रेपर स्वतः घासून बनवली होती. त्या भोकाच्या कडेला केसाएवढी बर राहिली तरी हेड (दाबातला फरक) चुकीचा येतो आणि पोरगं बिचारं आकडेमोड तपासत बसतं. ती स्क्रेपर अजून शेडमध्ये आहे आणि ती दुसऱ्या कुठल्या कामाला वापरायची नाही असा नियम आहे. आमच्या व्हेंच्युरीचा सी-डी (प्रत्यक्ष प्रवाह भागिले गणितानं येणारा प्रवाह) ०.९८ च्या आसपास येतो, तो या कामामुळे.

आमचं जुनं गिऱ्हाईक एका लहान तंत्रनिकेतनातलं. तिथले कार्यशाळा अधीक्षक, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. सरांची ऑर्डर कधीच मोठी नसायची, पण पैसे वेळेवर आणि पत्र स्वतःच्या अक्षरात. त्यांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. ते पोरांना ऑरिफिस प्लेट (मधे भोक असलेली चकती) मुद्दाम उलटी बसवायला लावायचे, म्हणजे धारदार कड पाणी बाहेर पडतं त्या बाजूला. मग सी-डी ०.६२ वरून चांगलाच वर जायचा आणि पोरं कारण शोधत बसायची. त्यासाठी फ्लँज (नळ्यांचा बोल्टनं आवळलेला जोड) सारखी उघडावी लागे आणि गॅस्केट फाटे. सर दरवर्षी गॅस्केटची ऑर्डर द्यायचे. तेव्हापासून आमचं प्रत्येक यंत्र साध्या पान्यानं उघडेल असंच आम्ही करतो, आणि सोबत गॅस्केटचे जादा सेट देतो.

पुढची बरीच वर्षं सुखाची गेली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

२००८ नंतर कॉलेजांचं पेव फुटलं. एका मोठ्या संस्थेनं तीन लॅबची ऑर्डर एकदम दिली. मान्यतेसाठी तपासणीची कमिटी येणार, त्याआधी यंत्रं लागली पाहिजेत, पैसे नंतर. आम्ही रात्रपाळ्या करून माल दिला. इन्स्पेक्शन झालं, मान्यता मिळाली, आणि बिल तिथंच थांबलं. कधी शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून आली नाही, कधी ट्रस्टी बाहेरगावी. पुढं कॉलेजांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, मग फोनही उचलेनात. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखातं थकीत ठरायच्या ९० दिवसांच्या उंबरठ्यावर आलं. कास्टिंगवाल्यानं उधारी बंद केली. मिस्त्रींनी त्या काळात स्वतःचा हिस्सा उचलला नाही आणि त्याबद्दल घरीही बोलले नाहीत.

त्यातच एक प्रतिस्पर्धी बाजारात आला. नाव घेत नाही, धंद्यातले ओळखतील. त्यांनी आमच्या यंत्राची नक्कल केली, इतकी की आमच्या जिगसाठी (काम पक्कं धरायच्या साच्यासाठी) बेसफ्रेमला पाडलेलं एक भोक, ज्याचा यंत्राला काडीचा उपयोग नाही, तेही त्यांच्या फ्रेमला होतं. स्टेनलेसच्या जागी रंगवलेल्या पत्र्याची टाकी, गनमेटलच्या जागी प्लॅस्टिक, आणि वर डिजिटल डिस्प्ले. यंत्र सीलबंद, उघडलं तर वॉरंटी गेली. टेंडरमध्ये एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचे, तेच. समितीसमोर आकडे लखलखीत दिसायचे आणि आमचा काचेचा यू आकाराचा मॅनोमीटर जुनाट ठरायचा. मला आजही याचा राग आहे. आकडा पडद्यावर आयता दिला की पोरगं फक्त वहीत उतरवतं. पाणी मोजायच्या टाकीत १० सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागले हे घड्याळ हातात धरून पाहिलं, तरच डिस्चार्ज म्हणजे काय ते कळतं.

आम्ही वाचलो ते दोन गोष्टींमुळे. पहिली, कायदा. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि असे दावे ऐकणाऱ्या कौन्सिलचा निकाल कोर्टात आव्हान द्यायचा तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. आम्ही दावा लावला आणि शेवटी तडजोडीत मुद्दल आलं. लहान कारखानदारांनो, उद्यम नोंदणी आणि सही केलेलं डिलिव्हरी चलन या दोन कागदांशिवाय माल गेटबाहेर काढू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे सर. ते म्हणाले, तयार यंत्र नको, पंप आणि कास्टिंग द्या, आमची शेवटच्या वर्षाची पोरं तुमच्या शेडमध्ये येऊन यंत्र बांधतील. त्याआधी ते आम्हाला पुणे जिल्ह्यातल्या पाबळला घेऊन गेले होते. डॉ. कलबागांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा) २००२ साली तिथंच आली. आठवी-नववी सुटलेली पोरं तिथं वेल्डिंग करून गावाची कामं करताना पाहिली, तेव्हा सरांचं म्हणणं पटलं.

पोरं आली. मिस्त्रींनी त्यांना टॅप (आटे पाडायचं हत्यार) सरळ कसा धरायचा इथपासून शिकवलं. मी त्यांना कोटेशन काढायला बसवलं: गनमेटलचा किलोचा भाव, लेथचा तासाचा दर, वाया जाणारा चुरा, जीएसटी, वाहतूक. त्यांतल्या एका मुलानं पुढं कुपवाडमध्येच व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग यंत्र) टाकलं आणि आज आमची फ्लँज तोच करतो. एक मुलगी कंट्रोल पॅनेल वायरिंगचा धंदा करते, तिच्याकडं आमच्यापेक्षा जास्त कामगार आहेत. दोघंही लहान कॉलेजचीच. आज प्रत्येक कॉलेजात उद्योजकतेचा सेल असतो, बॅनर असतो, प्रेझेंटेशनची स्पर्धा असते. स्पर्धेला माझा विरोध नाही. पण ज्यानं एक वस्तू स्वतः करून, किंमत लावून, विकून पैसे वसूल केले नाहीत, त्याला धंद्याची भीती जात नाही.

प्राचार्यांना एक सांगतो. लॅब पाहायला जाल तेव्हा डेड स्टॉक रजिस्टर (यंत्रांची नोंद) नंतर पाहा, आधी कन्झ्युमेबलचं, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंचं, रजिस्टर मागा. गॅस्केट, वॉशर, मॅनोमीटरची काच गेल्या दोन वर्षांत आणलीच नसेल, तर ती लॅब चालत नाही. आणि खरेदीआधी पुरवठादाराला तुमच्यासमोर यंत्र उघडायला सांगा. नाही म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मिस्त्री आता फक्त सकाळी येतात. प्रतिस्पर्ध्याची सीलबंद यंत्रं दुरुस्तीला आमच्याकडंच येतात. आम्ही ती घेतो आणि फ्लँज बदलून उघडती करून परत देतो. एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) के स्कीम या पदविका अभ्यासक्रमात १२ आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण आल्यापासून आमच्याकडं जागेची अडचण होते, म्हणून मागची शेड वाढवतो आहोत. ज्या कॉलेजला यंत्र हवं असेल त्यांनी ऑर्डरसोबत दोन विद्यार्थी पाठवावेत, राहण्या-जेवणाची सोय आमची. पाने, कानशी, व्हर्निअर इथं आहेत. बूट मात्र त्यांनी स्वतःचे आणावेत, चपला घालून शेडमध्ये घेत नाही.