टोपणनाव पुरत नाही

पीएचडीच्या प्रबंधात संशोधनपद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हटकून सापडतं : 'सहभागींची नावे गोपनीयतेसाठी बदलली आहेत.' एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या, अर्जातही तेच वाक्य असतं आणि बहुतेकांच्या लेखी गोपनीयतेचा विषय तिथेच मिटतो. मुलाखतींवर आधारलेल्या संशोधनात या वाक्यावर विसंबून राहण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९५८ साली दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गावाचं नाव 'स्प्रिंगडेल' ठेवलं, माणसांची नावंही बदलली. तरी कोण कुठला, हे गावकऱ्यांनी बरोबर ओळखलं आणि ते संतापले. परक्या वाचकाला त्यातलं कुणी कळण्याची शक्यता नव्हती. ओळखलं ते रोज एकमेकांत वावरणाऱ्यांनी, आणि ज्याच्यापासून सहभागीला खरा त्रास होऊ शकतो तो वाचक बहुधा तिथलाच असतो : वरिष्ठ, शेजारी, सासरचं माणूस, संघटनेतला विरोधक.

समजा, एका रुग्णालयातल्या १४ परिचारिकांच्या मुलाखती घेतल्या आहेत आणि प्रबंधात एकीविषयी, नावाऐवजी कोड देऊन, लिहिलंय : 'प-७, वय ५२, रात्रपाळीच्या मुख्य परिचारिका, २७ वर्षे सेवा, संपाच्या काळात निलंबित.' नाव कुठेच नाही, पण त्या रुग्णालयातला कुणीही दुसऱ्या तपशिलापाशीच थांबेल, पुढचं वाचायची त्याला गरजच नाही. आता प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारा : हा काढला तर माझा मुद्दा पडतो का? मुद्दा संपानंतरच्या भीतीचा असेल तर निलंबन ठेवावं लागेल. मग वय, पद आणि सेवेची वर्षं जाऊ द्या. 'संपात कारवाई झालेल्या एका ज्येष्ठ परिचारिकेने सांगितले' एवढं पुरतं. कारवाई एकीवरच झाली असेल तर तेही चालणार नाही. मग ते विधान 'काही जणींच्या बोलण्यात' असं सारांशाने यावं, किंवा तिला विचारून, तिच्या होकारानंतरच अवतरण म्हणून यावं.

तपशील बदलून लिहिण्याचा मार्गही आहे, पण तो जपून वापरावा. परिचारिकेचा पुरुष परिचारक केला की ओळख लपते आणि विश्लेषणही खोटं ठरतं, कारण त्या जागी लिंगभाव हाच घटक काम करत असू शकतो. मुद्द्याशी संबंध नसलेलाच तपशील बदला आणि तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात सांगा. कोणता बदलला ते सांगायचं नाही.

एक गोष्ट मात्र गाईडच्याही नजरेतून सुटते. दुसऱ्या प्रकरणात प-७ मुलांविषयी बोलते, तिसऱ्यात बदलीविषयी, पाचव्यात डॉक्टरांविरुद्ध. एकेक अवतरण निरुपद्रवी असतं, पण कोड तोच असल्यामुळे वाचणारा सगळे तुकडे जोडून पूर्ण माणूस उभा करतो. म्हणून सर्वांत नाजूक अवतरणाला कोडच देऊ नये. सबमिशनच्या आधी प्रबंधात एकेका कोडचा शोध घ्यावा, त्याची सगळी अवतरणं एका पानावर आणावीत आणि ते पान तिच्या वरिष्ठाच्या नजरेने वाचावं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

आकडेवारीतही हेच घडतं. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिलं की पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. त्यामुळे जन्मतारखेऐवजी वयोगट घ्या आणि तक्त्याच्या एखाद्या घरात पाचापेक्षा कमी माणसं येत असतील तर गट एकत्र करा. फक्त तो आकडा झाकून उपयोग नाही, बेरजेतून वजाबाकी करून तो काढता येतो.

आता फायलींचं. नाव आणि कोड यांना जोडणारी यादी ट्रान्सक्रिप्टपासून (मुलाखतीच्या लिहून काढलेल्या मजकुरापासून) वेगळ्या जागी, एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी ठेवायची. कोडमध्ये आद्याक्षरं नकोत, मुलाखतीचा क्रमही नको. फोनवर रेकॉर्डिंग करणार असाल तर क्लाउड बॅकअप आधी बंद करा, नाहीतर ज्या आवाजाची जबाबदारी तुम्ही घेतलीत त्याची प्रत भलत्याच सर्व्हरवर जाते. फुकटच्या ऑनलाइन ट्रान्सक्रिप्शन सेवेचंही तेच. फोटोच्या फाईलमध्ये ठिकाणाची नोंद असू शकते, ती काढून टाका.

संमतीपत्रात 'संपूर्ण गोपनीयता' हे शब्द लिहू नका, कारण तो शब्द पाळणं तुमच्या हातात नसतं. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षात सामील असलेल्यांच्या मुलाखती अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या प्रकल्पात २००१ ते २००६ दरम्यान घेतल्या गेल्या. तुमच्या हयातीत त्या उघड होणार नाहीत, असं त्या माणसांना सांगितलं होतं. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी अमेरिकेत समन्स निघालं आणि कोर्टाच्या लढाईनंतर काही ध्वनिफिती पोलिसांच्या ताब्यात गेल्या. म्हणून साध्या भाषेत लिहा : 'तुमचं नाव मी प्रबंधात देणार नाही. न्यायालयाने मागितल्यास मला माहिती द्यावी लागू शकते. अमुक तारखेपर्यंत तुम्ही मुलाखत मागे घेऊ शकता.' तारीख खरोखर घाला. प्रबंध छापून झाल्यावर मागे घेण्याला काही अर्थ उरत नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने अडचणीत आणेल अशी जी माहिती तुमच्या प्रश्नाला लागतच नाही, ती मुळात रेकॉर्डच करू नका. बोलणं तिकडे वळलं की रेकॉर्डर थांबवा.

काही सहभागींना स्वतःचं खरं नाव हवं असतं. वर्षानुवर्षं ज्यांचं कुणी ऐकलं नाही त्यांना ते हवंच असणार, आणि त्यांच्यावर टोपणनाव लादणं हाही अन्याय आहे. पण एकीचं नाव छापलं की तिच्या सहकारिणी, बहीण, नवरा असे संमती न दिलेले लोक आपोआप उघडे पडतात. त्यामुळे ही निवड पहिल्या भेटीत पक्की करू नये. लेखन झाल्यावर तिची अवतरणं छापील कागदावर तिच्यासमोर ठेवावीत, आजूबाजूचा मजकूरही दाखवावा आणि निर्णयासाठी दोनेक आठवडे द्यावेत. ही पानं सगळ्यांना एकाच ईमेलने पाठवू नयेत. पत्त्यांच्या रांगेत सहभागींची पूर्ण यादी एकमेकांसमोर येते.