अर्ज करायचा कुणी?

आज अमळनेरला दुकानात एक माउली आली, सोबत दहावीतलं लेकरू. तृतीयपंथी ओळख प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. शाळेच्या दाखल्यावर मुलगा, नखांवर अर्धवट खरवडलेलं गुलाबी नेलपॉलिश. वडील सोबत नव्हते, मीही विचारलं नाही.

तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पण वय अठराच्या आत असेल तर तो आईवडिलांनी किंवा पालकांनी करायचा. घरचे समजूतदार असले तर ठीक. नसले तर? घरच्यांना सांभाळणं जमत नसेल तर कोर्टाने पुनर्वसन केंद्रात पाठवावं, असं कलम १२ म्हणतं. म्हणजे घर, नाहीतर केंद्र! जीव लावणारी मावशी, आत्या कुठे गेली? आणि आपली लिंगओळख आपणच ठरवायची हे सुप्रीम कोर्टाने २०१४ लाच सांगून ठेवलंय.

मी हे बडबडत होतो तर माउली म्हणाली, "लोके काय बी म्हनोत, तू भर भाऊ."

फोटोची साइज कमी करून करून शेवटी अर्ज गेला एकदाचा. आता जळगावहून काय येतं बघू. कुणाच्या ओळखीत अल्पवयीन मुलाचं असं प्रमाणपत्र निघालं असेल तर किती दिवस लागले, कमेंटमध्ये सांगा.