तळखडा

शाळेचं पत्र आलं तेव्हा मी जेवायला बसलो होतो. ‘स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा,’ एवढाच मजकूर. हातातला घास हातातच राहिला. लिहायचं तर आमच्या इतिहासाच्या सरांविषयी. बाकीचं इतर लिहितीलच.

मी १९७४ साली साताऱ्याच्या या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये पाचवीत आलो. चिमणपुऱ्यातून चालत राजवाड्यावर यायचं, गोल बागेला वळसा घालून आत शिरायचं. बाहेर कितीही ऊन असो, त्या जाड भिंतींच्या आत गेलं की अंगाला गारवा लागायचा. आम्हाला मात्र ती नुसती शाळा होती. आपण वाड्यात बसतोय, हे सरांनी दाखवलं.

सातवीत असताना श्रावणात पावसाची झड लागली होती. वर्गात इतका अंधार की फळ्यावरचं दिसेना. सरांनी पुस्तक मिटलं, सगळ्यांना बाहेर सोप्यात नेलं आणि एका खांबापाशी मला बोलावलं.

“वाक. खांब कशावर उभा आहे?”

“दगडावर, सर.”

“त्याला तळखडा म्हणतात. हात लाव.”

दगड गार आणि ओलसर होता. वरच्या लाकडाला बोट लावलं, तर ते खडखडीत कोरडं. “जमिनीतली ओल हा दगड वर चढू देत नाही. लाकूड मातीत पुरलं असतं तर केव्हाच कुजलं असतं,” सर म्हणाले. मग खांबांवरची आडवी तुळई, तिच्यावरचा लाकडी छताचा कडीपाट, एकेक दाखवत गेले.

तिथंच उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ साली हा वाडा बांधला. राजघराण्यातल्या मुलींच्या शिक्षणाची सोय इथं होती. १८३९ मध्ये इंग्रजांनी महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिथंच वारले, आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं. त्यानंतर तीन वर्षांनी, १८५१ मध्ये, हा वाडा शाळेसाठी सरकारला भाड्यानं दिला गेला. १८७१ मध्ये त्याचं सातारा हायस्कूल झालं, आणि महाराजांचं नाव शाळेला लागायला १९५१ साल उजाडावं लागलं. सांगताना सरांचा आवाज जड झाला होता.

पुढच्या शनिवारी ते आम्हाला ऑफिसात घेऊन गेले. जुनं रजिस्टर टेबलावर उघडलं. क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर, ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता पहिली इंग्रजी. समोर सही. शाळेत कोपऱ्यात वेगळं, गोणपाटावर बसावं लागे, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. सरांनी आमच्यातल्या कुणाला आधी बोलावलं असेल? मागच्या बाकावर बसणाऱ्या माझ्या मित्राला. त्याच्या डब्याला कोण हात लावतं, कोण लावत नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्याचं बोट धरून त्यांनी त्या सहीवरून, कागदाला न टेकवता, हळूच फिरवलं. आम्ही बाकीचे रांगेत उभे. कुणी ब्र काढला नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही चौघं त्याच्या डब्यात जेवलो. आज तो पुण्यात माझ्या शेजारच्या सोसायटीत राहतो. त्या दिवसाचा विषय निघाला की बोलता बोलता उजव्या हाताचं ते बोट वर करतो.

मी सिव्हिल इंजिनिअर झालो तो त्या खांबामुळे. वाईतल्या दोन जुन्या वाड्यांची दुरुस्ती माझ्या हातून झाली, याचा मला अभिमान आहे. दोन्ही ठिकाणी पहिल्या दिवशी आधी तळखडेच पाहिले. पण चिमणपुऱ्यातला आमचा स्वतःचा वाडा मला राखता आला नाही. भावकीत वाटण्या झाल्या, वाडा बिल्डरला गेला, मीही सही केली. त्यातला एक तळखडा मागून घेतला, तो आता पुण्याच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. ते सरांना सांगायचं धैर्य मला कधी झालं नाही.

२०१७ साली सरकारनं ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन जाहीर केला. सर तेव्हा नव्हते. आमच्या वर्गात मात्र त्यांनी तो दरवर्षी पाळला. त्या दिवशी हजेरी घेताना शेवटी १९१४ हा आकडा पुकारायचे, आणि सगळा वर्ग उभा राहून ‘हजर’ म्हणायचा.

कार्यक्रमाला मी येणार आहे. व्यासपीठावर बोलावू नका. आधी सोप्यातल्या त्या खांबापाशी जाईन, वाकेन, आणि लाकूड कोरडं आहे ना ते पाहीन.