पहिल्याला कोरडे कपडे कुणी दिले?

शुक्रवार, रात्री उशिरा

काल दादाचा फोन येऊन गेला आणि त्यानंतर झोप लागणं शक्यच नव्हतं. फोनवर काय झालं ते इथे लिहीत नाही. लॅपटॉप उघडला आणि पुन्हा तोच एपिसोड लावला.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतला, समुद्रातल्या किल्ल्याचा. २८ नोव्हेंबर २०१५ला बीबीसीवर लागलेला. आदल्या आठवड्यात डॉक्टरची सोबतीण क्लारा गेली आहे आणि डॉक्टर एका बंद किल्ल्यात येऊन पडलाय. डॉक्टर झालेला पीटर कपाल्डी जवळजवळ पूर्ण वेळ एकटा. मागे ती मळक्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, माशा घोंघावणारी आकृती. ती कधी धावत नाही आणि कधी थांबतही नाही. थांबते ती फक्त त्याने आजवर कुणाला न सांगितलेलं काही खरं बोलून दाखवलं तरच. किल्ल्याच्या एका टोकाला तिला आणायचं आणि दुसऱ्या टोकाला पळायचं. त्यातून मिळतात फार तर ८२ मिनिटं. त्यात खायचं, झोपायचं, विचार करायचा.

हे सगळं मला पाठ आहे. तरीही काल एका जागी अडकले ती अडकलेच.

तो खिडकी फोडून खाली समुद्रात उडी घेतो. पाण्याच्या तळाशी कवट्यांचा खच. वर येतो, ओलाचिंब, आणि एका खोलीत शिरतो तर तिथे आग पेटलेली आणि आगीपुढे कपडे वाळत घातलेले. त्याच्याच मापाचे. त्याच्या अंगावर आहेत अगदी तसेच. तो ते घालतो, स्वतःचे ओले कपडे त्याच जागी तसेच पसरून ठेवतो आणि पुढे जातो. मिनिटभराचा प्रसंग. पहिल्यांदा पाहताना तो रहस्याचा एक दुवा वाटतो, तेवढंच.

नंतर उलगडतं की आधी येऊन गेलेला तोच होता. त्या कवट्याही त्याच्याच. बारा नंबरच्या खोलीत बाहेर जायची वाट आहे आणि वाटेत वीस फूट जाडीची भिंत, हिऱ्यापेक्षा चारशे पट कठीण. तो ग्रिम बंधूंची मेंढपाळाच्या पोराची गोष्ट सांगत सांगत तिच्यावर मुठी मारतो. मोजून थोड्याच बसतात, तेवढ्यात ती आकृती त्याला गाठते. पण त्याचा जीव चटकन जात नाही. जळालेल्या अंगाने, सरपटत, दीड दिवस घालवून तो मनोऱ्यावरच्या खोलीत पोचतो. तिथल्या यंत्रात तो पहिल्यांदा आला तेव्हाची त्याची प्रत साठवलेली आहे. स्वतःचं उरलंसुरलं शरीर इंधन म्हणून जाळायचं की त्यातून पुन्हा नवा तो. नव्याला काही आठवत नाही. तो घाबरतो, पळतो, उडी मारतो, भिजतो, आणि आगीपुढे कोरडे कपडे मिळतात.

मग पहिल्याचं काय?

पहिला आला तेव्हा तिथे कपडे नव्हते. एपिसोडमध्ये हे दाखवत नाहीत. तो बाहेर आला असेल कुडकुडत, आगीपुढे कपडे काढले असतील, वाळत घातले असतील आणि ते वाळायच्या आत ती आकृती आली असेल. तो गेला असेल तसाच, असेल त्या अवस्थेत. त्याचे कपडे मागे राहिले. कुणासाठी? त्याला माहीतच नव्हतं की मागून कुणी येणार आहे. भिंतीसमोर उभं राहीपर्यंत त्यालाच कळत नाही की तो कितवा आहे.

म्हणजे ज्या कपड्यांकडे मी काल रात्री दोन वाजता मायेची खूण म्हणून बघत बसले होते, ते मायेने ठेवलेलेच नव्हते. ओले कपडे वाळत घालायचे असतात म्हणून घातले होते. बस.

याचा मला त्रास होतोय. का होतोय ते नीट लिहून बघते.

या आठवड्यात एकदा सकाळी ओट्यावर पातेल्यात मटकी भिजलेली दिसली. वर ताटली, ताटलीवर बत्ता, मांजर येतं म्हणून. मटकी टरारून फुगली होती, पाणी तांबूस झालं होतं, वर दोनचार सालपटं तरंगत होती. आणि क्षणभर, खरंच क्षणभरच, मला वाटलं आईने भिजत घातलीय. मी हात पुसत तिच्या खोलीकडे वळलेसुद्धा. मग लक्षात आलं की रात्री मीच घातली होती. झोपेत असल्यासारखी घातली असणार. मापही पूर्वीचंच, दोघींचं.

ती मी उपसली, फडक्यात बांधली, मोड आले, उसळ केली, खाल्ली. त्यात रडण्यासारखं काहीच नाही. पण तेव्हापासून हे मनात घोळतंय की या घरात आता माझी काळजी घेणारी एकच बाई उरलीय, ती म्हणजे कालची मी. दमलेली, अर्धवट झोपेतली, आणि तीही सवयीने करतेय. पावसाने कपडे वाळत नाहीयेत, सगळ्या घराला दमट वास येतोय, मधल्या खोलीत दोरी बांधून खाली पंखा लावायचा हेही तीच करते. सकाळी मी उठते आणि वाळलेला कुर्ता काढून घालते. कुणी विचारत नाही वाळला का म्हणून. असं किती दिवस चालायचं? लोक म्हणतात वेळ जाऊ दे. किती वेळ जाऊ द्यायचा असतो, ते मात्र कुणी सांगत नाही.

डॉक्टरला ती भिंत फोडायला साडेचार अब्ज वर्षं लागली. ४५० कोटी. पृथ्वीचं वय साधारण तितकंच आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा मानतात, त्यालाच कल्प म्हणतात. त्या हिशेबाने त्याचा अख्खा दिवस मुठी मारण्यात गेला आणि वर रात्रीचीही काही कोटी वर्षं. ग्रिमच्या गोष्टीत हिऱ्याचा डोंगर आहे. एक पक्षी शंभर वर्षांतून एकदा येऊन त्यावर चोच घासतो आणि सगळा डोंगर झिजला की अनंतकाळाचा पहिला सेकंद संपतो. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात बुद्धांनी कल्पासाठी असाच दाखला दिलाय, ग्रिमच्या कितीतरी आधी. योजनभर लांब, रुंद आणि उंच असा अखंड दगडी पर्वत. शंभर वर्षांतून एकदा कुणी काशीचं तलम वस्त्र त्यावरून फिरवायचं. पर्वत संपेल, कल्प संपणार नाही. मला चोचीपेक्षा ते वस्त्र जास्त पटतं. चोचीने निदान ओरखडा तरी दिसत असेल.

आईच्या दहाव्याला घाटावर गुरुजी संकल्प सांगत होते. श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगचतुष्के, कलियुगे, प्रथमचरणे... लहानपणापासून प्रत्येक पूजेत ऐकलेलं, पण लक्ष कधी दिलं नव्हतं. त्या दिवशी दादाच्या मागे बसून ऐकताना जाणवलं की गुरुजी आधी केवढा तरी काळ समोर मांडतात, मग तो लहान लहान करत आणतात. कल्पावरून मन्वंतरावर, युगावर, संवत्सरावर, महिन्यावर, तिथीवर, वारावर. शेवटी दादाचं गोत्र, तिचं नाव, आणि हातात दर्भ, तीळ, पाणी. एवढ्या मोठ्या काळातून आम्हाला नेमकं हुडकून त्या पायरीवर आणून बसवलं. दादा तेव्हा रडला. मी नाही. असो.

मला त्या डॉक्टरचं सगळंच पटतं असं नाही. तो कबुलीजबाब देऊन कधीही सुटू शकला असता. पकडणाऱ्यांना फक्त त्याला ठाऊक असलेली एक गोष्ट हवी होती. ती त्याने दिली नाही, कारण तीच पुढे करून त्याला क्लाराला परत मागायचं होतं. पुढच्या भागात तो तिला मरणाच्या आदल्या क्षणातून खेचून काढतोसुद्धा आणि शेवटी तिची आठवणच गमावून बसतो. पूर्वी मला तो भाग आवडायचा नाही. वाटायचं, एवढं सोसून माणूस शहाणा नको का व्हायला? आता वाटतं, शहाणं कशाला व्हायला हवं. मीही आईच्या खोलीला कुलूप घालून बसलेच आहे. दादाला तेच तर सांगता येत नव्हतं काल.

पण आज दिवसभर तो पहिला डोळ्यांपुढून हलला नाही.

दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या वाटलं, मी त्याच्यावर उगाच अन्याय करतेय. त्याने मायेने नाही ठेवले, मान्य. पण दुसऱ्याने? दुसऱ्याला कोरडे कपडे मिळाले. ते घातल्यावर स्वतःचे ओले तिथे पसरून ठेवायची त्याला काय गरज होती? आकृती मागावर होती. जमिनीवर टाकून पळाला असता तरी चाललं असतं. तो थांबला, कोट झटकला, जसे सापडले तसेच लावले. तिसऱ्याने तेच केलं. मधल्या असंख्य जणांपैकी एकानेही ‘मला काय त्याचं’ म्हणून ओले कपडे तसेच फेकले असते, तर पुढच्याला गारठ्यात जावं लागलं असतं. कुणीही फेकले नाहीत. कुणालाही आठवत नव्हतं, कुणीही कुणाला भेटलं नाही, तरी.

आई तरी काय माया म्हणून मटकी भिजवायची का? उद्या डब्याला काय, या काळजीने भिजवायची. कितीतरी वेळा वैतागून भिजवायची, भांडी आपटत. मी खाताना कधी विचारलं नाही की यात माया किती आणि सवय किती. मग कालच्या माझ्याकडून आज एवढा हिशेब कशाला मागायचा? तिने भिजवली. मी खाल्ली. चव चांगली होती, गोडा मसाला जरा जास्त पडला होता.

हे लिहिल्यावर हलकं वाटतंय असं म्हणणार नाही. ती खोली तशीच आहे, उद्याही असेल. किल्ल्यातल्या खोल्या तो बाहेर पडला की आपोआप पूर्ववत व्हायच्या, बागेत खणलेला खड्डासुद्धा बुजायचा. इथे तसं काही होत नाही. इथे धूळ बसते, बुरशी येते. पावसाळ्यात बंद कपाटातल्या साड्यांचं काय होतं ते मला माहीत आहे, आणि तिलाही सोसलं नसतं ते.

दादाला आत्ता मेसेज केला. रविवारी ये म्हटलं, वहिनीला घेऊन. साड्या मी आणि आत्या बघू. वॉकर आणि ती खुर्ची कुणाला तरी उपयोगी पडेल, वहिनीच्या ओळखीत एकांना हवी होती. गादी मात्र टाकावीच लागेल. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडेच आहेत. आणि कालचं मनावर घेऊ नकोस असंही लिहिलं होतं, ते पुसलं. ते समोर बसून बोलेन.