बीजिंगचा विजेंदर, वरळीचा विजेंदर

गेल्या सोमवारी संध्याकाळी पॅड मारून झाले, पोरं हातावरच्या पट्ट्या सोडत बसली होती. त्यातला एकजण मागे रेंगाळला. एकोणीस वर्षांचा आहे, हात लांब, पाय हलके, मागच्या वर्षी राज्य स्पर्धेत रौप्य मिळवलंय. म्हणाला, "सर, एकाचा फोन आला होता. चार राउंडची प्रो फाइट आहे, पैसे देतायत. जाऊ का?"

प्रो म्हणजे व्यावसायिक, पैशासाठीचं बॉक्सिंग. मी लगेच काही बोललो नाही. घरी येऊन जेवलो आणि बायकोला म्हटलं, आज परत बॉक्सर विजेंदर सिंगची गोष्ट निघणार. तिला ती पाठ झालीय. तरी इथे लिहून ठेवतो, कारण त्या पोराला तोंडी सांगताना माझ्याकडून निम्मं राहतं.

२० ऑगस्ट २००८, बीजिंग ऑलिंपिक. मी तेव्हा हॉस्टेलवर होतो, ६४ किलोत विद्यापीठासाठी खेळायचो. मेसमधल्या टीव्हीसमोर आम्ही बॉक्सिंगवाले चौघे आणि बाकी सगळे नुसते बघे. त्याच दिवशी सुशील कुमारने कुस्तीत कांस्य मिळवलं आणि त्याच दिवशी विजेंदरची उपांत्यपूर्व फेरीची बाउट होती, इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराशी. गोंगोरा डावखुरा. डावखुऱ्यासमोर उभं राहिलं की पुढचा पाय त्याच्या पायात अडकतो, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जागेवर बसत नाही, हे आम्हा चौघांना अंगाने माहीत होतं. विजेंदर ९-४ ने जिंकला आणि भारताचं ऑलिंपिक बॉक्सिंगमधलं पहिलं पदक नक्की झालं. दोन दिवसांनी क्युबाच्या एमिलिओ कोरियाने त्याला ८-५ ने हरवलं, कांस्यावर थांबावं लागलं. पण मेसमधला तो आरडाओरडा मला आजही ऐकू येतो. डाळ वाढणारे काकासुद्धा पळी हातात घेऊन टीव्हीपाशी आले होते.

हे गुण कसे मिळायचे ते आताच्या पोरांना माहीत नसतं. तेव्हा दोन-दोन मिनिटांचे चार राउंड असायचे. पाच पंच बटणं घेऊन बसायचे आणि त्यातल्या तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण पडायचा. त्यामुळे लांबून, सरळ, स्वच्छ दिसेल असा एकेक ठोसा डोक्यावर मारणारा फायद्यात राहायचा. जवळ जाऊन बरगड्यांवर चार हुक मारले तर पंचांना ते दिसायचेही नाहीत. विजेंदर याच हिशोबात वाढलेला. सहा फूट उंची, लांब डावा हात, मारून अर्धं पाऊल मागे. ते अर्धं पाऊल मी किती वेळा आरशासमोर करून बघितलं असेल!

तो भिवानीजवळच्या कालुवास गावचा. वडील हरियाणा रोडवेजमध्ये ड्रायव्हर. थोरला भाऊ मनोज आधी बॉक्सिंगमध्ये आला आणि खेळाच्या जोरावर सैन्यात लागला. धाकटा त्याच्या मागोमाग भिवानीत जगदीश सिंगांकडे शिकायला गेला. ड्रायव्हरच्या घरात बॉक्सिंगचा अर्थ आधी नोकरी असतो. आमच्याकडेही तसाच होता. माझ्या वडिलांनी मला ग्लोव्हज घेऊन दिले ते खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचं कुणीतरी सांगितलं म्हणून. मला त्यात कमीपणा वाटत नाही. त्या नोकरीवर माझं घर उभं आहे.

बीजिंगनंतर विजेंदरने २००९ मध्ये मिलानला जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं, २०१० मध्ये ग्वांगझूच्या एशियाडमध्ये उझबेकिस्तानच्या अब्बोस अतोएवला ७-० ने धुवून सुवर्ण. लंडन ऑलिंपिकमध्ये त्याच अतोएवने उपांत्यपूर्व फेरीत त्याला काढलं. पोलिसात डीएसपी झाला. आणि मग १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये पहिली प्रो फाइट खेळला. तिसऱ्या राउंडमध्ये सनी व्हायटिंगला थांबवलं, म्हणजे लढत मध्येच संपवून जिंकला. तिसावा वाढदिवस एकोणीस दिवसांवर आला होता.

माझं सगळं म्हणणं या एकोणीस दिवसांपाशी येऊन थांबतं.

बीजिंगमध्ये विजेंदरची पहिली बाउट झाली ती गांबियाच्या बाडू जॅकशी. १३-२. एकतर्फी. हा बाडू जॅक विजेंदरहून दोन वर्षांनी मोठा, पण २००९ मध्येच प्रो झाला. २०१५ च्या एप्रिलमध्ये तो डब्ल्यूबीसी या जागतिक प्रो संघटनेचा, सुपर मिडलवेट वजनगटातला जगज्जेता होता, म्हणजे विजेंदर मँचेस्टरला उतरला त्याच्या सहा महिने आधी. गोंगोरानेही पुढे, २०२० मध्ये, आयबीओ या दुसऱ्या संघटनेचा सुपर मिडलवेट बेल्ट, म्हणजे विजेतेपदाचा पट्टा, घेतला. विजेंदरने ज्यांना हरवून पदक आणलं त्यातल्या दोघांच्या कमरेला नंतर जागतिक बेल्ट लागला. एका बाउटवरून दोन माणसांची तुलना होत नाही, मान्य. पण तो त्या पंक्तीत बसणारा होता एवढं तरी यातून कळतं.

५ ऑगस्ट २०१७ ला मी साताऱ्याहून एसटीने मुंबईला गेलो. खंबाटकीत पाऊस, दादरला उतरलो तेव्हाही पाऊस. वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये सगळ्यात स्वस्त तिकिटाची जागा, रिंग तळहाताएवढी दिसत होती. त्या रात्री अखिल कुमार आणि जितेंदर कुमार यांचीही पहिली प्रो फाइट होती. हे दोघेही बीजिंगला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेले. नऊ वर्षांपूर्वी मेसच्या टीव्हीवर बघितलेले तिघे एका छताखाली! अखिल रिंगमध्ये आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. छत्तिशीचा माणूस पदार्पण करत होता आणि आपला बचाव अजून तसाच हात खाली सोडून करत होता.

विजेंदरकडे डब्ल्यूबीओ या आणखी एका संघटनेचा एशिया पॅसिफिक बेल्ट होता. आदल्या वर्षी दिल्लीत केरी होपला दहा राउंडमध्ये हरवून मिळवलेला. लोक मला विचारायचे, "वर्ल्ड चॅम्पियन झाला ना तो?" नाही. ते प्रादेशिक विजेतेपद. ते घेतलं की क्रमवारीत वर सरकता येतं, जागतिक लढतीचा दरवाजा अजून लांब असतो. समोर होता चीनचा झुल्पिकार मैमैतियाली, ओरिएंटल या तसल्याच प्रादेशिक बेल्टवाला, विजेंदरहून कितीतरी तरुण. तीन-तीन मिनिटांचे दहा राउंड. त्याचे ठोसे कमरेखाली बसायला लागले, रेफरीने तंबी दिली, विजेंदर वेदनेने वाकलेला मला तेवढ्या लांबूनही दिसला. शेवटच्या राउंडांमध्ये त्याचं ते अर्धं पाऊल मागे जायचं, पण परत पुढे यायला वेळ लागत होता. ९६-९३, ९५-९४, ९५-९४. तिन्ही पंचांनी त्याला दिलं, पण दोघांकडे एकेका गुणाने. दोन्ही बेल्ट त्याचे झाले. भारत-चीन सीमेवर डोकलामचा ताण चालू होता, तर रिंगमधूनच म्हणाला की हा बेल्ट परत देतो, सीमेवर शांतता राहू दे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मनापासून.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, २६ ऑगस्टला, बाडू जॅकने लास वेगासमध्ये नेथन क्लेव्हर्लीला हरवून लाइट हेवीवेटचा जागतिक बेल्टही घेतला. ती बातमी मी एसटी स्टँडवर मोबाइलवर वाचली आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो. १३-२, १३-२ एवढंच डोक्यात चाललेलं.

विजेंदर सलग बारा फाइट जिंकला. मग जवळपास सोळा महिन्यांची सुट्टी पडली आणि मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, रशियाच्या आर्तिश लोप्सानने पाचव्या राउंडमध्ये त्याला थांबवलं. लोप्सान सहा फूट चार इंच, वय सव्वीस. विजेंदर पस्तिशीचा. लांब हाताचा माणूस आता समोर उभा होता. पुढच्या वर्षी रायपूरला त्याने घानाच्या एलियासू सुलीला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवलं. चौदा फाइट, तेरा विजय.

त्या पोराला मी मंगळवारी बसवलं आणि हे सगळं सांगितलं. विजेंदर पंचविशीत गेला असता तर कुठवर पोचला असता, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, जागतिक लढतीपर्यंत नक्की. माझं प्रामाणिक मत आहे ते. पण २००९ मध्ये त्याला जायला रस्ताच नव्हता. आपल्याकडे प्रो म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं, प्रो झालेल्याला तेव्हा ऑलिंपिक बंद होतं, आणि नोकरी हातात होती. तो ३० व्या वर्षी गेला तोसुद्धा मँचेस्टरला राहायला गेला म्हणून जमलं. तिथे ट्रेनर ली बिअर्डने त्याला बरगड्यांवर मारायला शिकवलं, जे त्याने दहा वर्षं गुण मिळत नाहीत म्हणून सोडून दिलं होतं.

"मग मी आत्ताच जाऊ?"

"तू २३ व्या वर्षी जा. तोवर इथे हौशी बॉक्सिंगचे तीन राउंड पूर्ण दमात खेळायला शीक. तिसऱ्यात तुझा उजवा हात गालावरून खाली येतो."

तो गप्प बसला. फोनवरच्या माणसाने त्याला पैशाचा आकडा सांगितला होता, समोर कोण आहे ते सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, तीन गोष्टी विचारून ये. समोरच्याचं नाव आणि त्याच्या किती फाइट झाल्यात. रिंगपाशी डॉक्टर कोण असणार. आणि डोक्याला मार लागला तर स्कॅनचा खर्च कोण करणार.

काल रात्री त्याचा मेसेज आला. डॉक्टर असेल म्हणतात, समोरचा अजून ठरलेला नाही, फाइट पुढच्या शनिवारी.

मी लिहिलं, सकाळी साडेपाचला मैदानावर ये, दोरी घेऊन. आज तो पाच वाजून वीस मिनिटांनी गेटपाशी उभा होता. शनिवारचं त्याने काही काढलं नाही, मीही विचारलं नाही. तिसऱ्या राउंडला हात एकदाच खाली आला.