ट्वीडचे दोन काठ, कायदा एकच

इंग्लंडमध्ये नदीवर गळ टाकून मासे गरवायला बसायचं तर दोन परवानग्या लागतात. पहिली सरकारची, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचं रॉड लायसन्स. दुसरी त्या काठाच्या मालकाची, मग तो शेतकरी असो, एखादी इस्टेट असो की गावातला अँगलिंग क्लब. एक हातात आहे म्हणून दुसरी नको, असं होत नाही. फिरायला किंवा मुलांकडे राहायला जाणाऱ्या आपल्या माणसांना हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकतो. सप्टेंबरच्या अखेरीस मी टेम्सपासून इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या ट्वीड नदीपर्यंत रॉड घेऊन गेलो. मासे मिळालेच, पण त्या नद्यांचे नियम वाचत, विचारत जाण्यातही मला तेवढाच आनंद मिळाला.

माझा मामेभाऊ रेडिंगला राहतो. वयाने मोठा, त्यामुळे मी त्याला दादाच म्हणतो. त्याने फोनवरच माझं लायसन्स काढून दिलं. एक दिवसाचं, आठ दिवसांचं किंवा बारा महिन्यांचं मिळतं. तेरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना फुकट मिळतं, पण काढावं मात्र लागतं. ट्राउट आणि इतर गोड्या पाण्यातल्या माशांचं लायसन्स वेगळं, समुद्रातून नदीत चढणाऱ्या सॅमन आणि सी ट्राउटचं वेगळं आणि महाग. लायसन्सशिवाय सापडलात तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. हा पैसा सरकारी गल्ल्यात हरवत नाही. मत्स्यबीज सोडणं, माशांना बंधाऱ्यावरून वर चढता यावं म्हणून वाटा बांधणं, प्रदूषणात मासे मरायला लागले की धावून जाणं, असल्या कामांवर तो खर्च होतो. मला ही व्यवस्था फार आवडली. जो नदीचा आनंद घेतो, त्याने नदीसाठी थोडं मोजावं, यात वावगं काय आहे?

दुसरा कागद म्हणजे क्लबचं डे तिकीट. ऑक्सफर्डशायरमधल्या टेम्सच्या एका पट्ट्याचं तिकीट दादाने काढून ठेवलं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नियमच नियम. बार्ब, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, नसलेलेच गळ वापरायचे, मासा गवतावर ठेवायचा नाही, ओल्या मऊ चटईवर ठेवायचा, मासा पाण्याबाहेर घ्यायचं जाळं, लँडिंग नेट, हवंच. शिवाय देशभर लागू असलेले नियम वेगळे. एकापेक्षा जास्त रॉड लावले तर दोन्ही टोकांच्या रॉडच्या मुठींमध्ये तीन मीटरहून जास्त अंतर नको. आमिष लावलेला रॉड पाण्यात सोडून चहा आणायला जायचं नाही. शिशाच्या वजनांचा नियम तर मी दादाला दोनदा विचारला. ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं वापरायला बंदी आहे. काठावर आणि तळाशी पडलेले शिशाचे मणी हंस खड्यांबरोबर गिळायचे आणि विषबाधेने मरायचे, म्हणून १९८७ पासून ही बंदी आली. आता टंगस्टन किंवा इतर धातूंचे मणी मिळतात. आम्ही बसलो होतो तिथे हंसांची एक जोडी पिल्लांसह दिवसभर फिरत होती. नियमाचं कारण असं डोळ्यांसमोर पोहत असलं की तो आपोआप पाळला जातो.

सप्टेंबर निवडण्यामागे कारण होतं. १५ मार्च ते १५ जून या काळात इंग्लंडच्या नद्यांमध्ये चब, रोच, बार्बेल, पाइक यांच्यासाठी गळ टाकायला बंदी असते. हा त्यांच्या विणीचा काळ. अशी बंदी १८७८ च्या कायद्यापासून चालत आली आहे. १६ जूनची पहाट गाठायला लोक आदल्या रात्रीच काठावर तंबू टाकतात. पावसाळ्यातली बंदी संपून नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात लोटणाऱ्या आपल्या कोकणातल्या माणसाला ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको. तळी आणि बहुतेक कालव्यांवर मात्र ही बंदी आता नाही, तिथे मालक ठरवेल तसं.

दुपारी वॉटर बेलिफ, म्हणजे काठावर नियम तपासत फिरणारा माणूस, आला. नम्रपणे नमस्कार, मग लगेच "लायसन्स प्लीज". आमचे कागद पाहिले, जाळं पाहिलं, गळाचं टोक बोटाने चाचपलं. मी त्याला विचारलं, की मासा घरी नेला तर? तो म्हणाला, मालकाची परवानगी असेल तर दिवसाला वीस सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा छोटे मासे, पासष्ट सेंटिमीटरपर्यंतचा एक पाइक आणि तीस ते अडतीस सेंटिमीटरच्या मधले दोन ग्रेलिंग नेता येतात. ईल मात्र एकही नाही. आणि आमच्या क्लबमध्ये मालकाचीच परवानगी नाही, हेही त्याने सांगितलं.

या मापांचा उलगडा झाला तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं. आपल्याकडे समजूत अशी, की छोटा सोडावा, मोठा घ्यावा. इथे बहुतेक उलट. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते, तेव्हा नदीचं भांडवल म्हणजे मोठे मासे. ते राहिले पाहिजेत. ग्रेलिंगच्या नियमात तर दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत: तिशीच्या आतला अजून एकदाही व्यायलेला नसेल, अडतिशीच्या वरचा उत्तम प्रजनक. आपल्यात गरवलेला मासा कालवणात जातो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण या नद्यांवर गेलं की आधी हे आकडे पाहावेत. दादा सांगत होता, की नव्याने आलेल्या लोकांनी मोठे मासे पिशवीत भरून नेल्यावरून काठावर भांडणं होतात आणि मग सगळ्याच परदेशी माणसांकडे संशयाने पाहिलं जातं. ते टाळणं आपल्या हातात आहे.

संध्याकाळी दादाला एक मोठा चब लागला. हात आधी पाण्यात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. गळ काढला आणि प्रवाहाकडे तोंड करून त्याला धरून ठेवलं. कल्ले नीट हलायला लागल्यावर त्याने स्वतःच शेपटीचा झटका दिला.

पुढचा प्रवास रेल्वेने, थेट उत्तरेला, बेरिकपर्यंत. निघण्याआधी दादाने माझे बूट आणि जाळं धुऊन उन्हात वाळवायला लावलं. तपासा, धुवा, वाळवा अशी तिथे मोहीमच आहे, एका नदीतले जीव आणि रोग दुसऱ्या नदीत जाऊ नयेत म्हणून. नॉर्वेत गायरोडॅक्टिलस नावाच्या एका सूक्ष्म परजीवीने नद्याच्या नद्या सॅमनविना केल्या. तो मारायला काही नद्यांमध्ये विष घालून सगळे मासे मारावे लागले. ब्रिटनमध्ये तो अजून पोचलेला नाही. परदेशातून वापरलेलं सामान घेऊन जाणाऱ्याने म्हणूनच ते निर्जंतुक करून न्यावं.

ट्वीड नदी स्कॉटलंडमध्ये उगम पावते. शेवटच्या टप्प्यात बरंच अंतर ती दोन देशांची सीमा होऊन वाहते आणि अगदी शेवटी पूर्णपणे इंग्लंडमध्ये शिरून बेरिकला समुद्राला मिळते. हॉर्नक्लिफजवळ १८२० साली बांधलेला साखळदंडांचा झुलता पूल आहे. या टोकाला इंग्लंड, त्या टोकाला स्कॉटलंड. वर कोल्डस्ट्रीमला स्मीटन या अभियंत्याने बांधलेला १७६७ चा दगडी पूल. त्याच्या स्कॉटिश टोकाला जुनं टोलघर आहे. इंग्लंडमध्ये लग्नाचे नियम कडक होते, तेव्हा पळून आलेली जोडपी नदी ओलांडून याच घरात लग्न लावायची. पुलाच्या मध्यावर कायदा बदलायचा.

माशांचा कायदा मात्र इथे बदलत नाही. इंग्लंडचं रॉड लायसन्स ट्वीडवर लागतच नाही, अगदी इंग्लंडच्या बाजूच्या काठावर उभं राहिलात तरी. टिल ही ट्वीडची उपनदी इंग्लंडमधून वाहते, पण तिलाही ट्वीडचाच नियम. आणि नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, बॉर्डर एस्क नदी स्कॉटलंडमध्ये असूनही तिथे इंग्लंडचं लायसन्स हवं, कारण तिचं मुख इंग्लंडच्या बाजूला आहे. एकोणिसाव्या शतकातच ट्वीडसाठी स्वतंत्र मत्स्य कायदे झाले आणि आजही रिव्हर ट्वीड कमिशन ही एकच संस्था दोन्ही देशांतली नदी सांभाळते. समुद्रातून आलेला सॅमन वर चढताना कुठल्या काठाने जातो हे सीमारेषा ठरवत नाही. तेव्हा नियम नदीचा असावा, देशाचा नव्हे, इतकं साधं शहाणपण. आपल्या कितीतरी नद्या दोन-तीन राज्यांतून वाहतात. हे पाहताना त्यांची आठवण येणारच.

स्कॉटलंडमध्ये सरकारी रॉड लायसन्स नाही, म्हणून सगळं मोकळं असं मात्र समजू नये. तिथे सॅमन गरवण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी, विकता येणारी, वारशाने मिळणारी मालमत्ता असते. काठची शेती एकाची आणि समोरच्या डोहातला सॅमनचा हक्क दुसऱ्याचाच, असं सर्रास आढळतं. लेखी परवानगीशिवाय सॅमनसाठी गळ टाकणं हा फौजदारी गुन्हा. नदीच्या देखभालीचा पैसा इथे गळकऱ्याच्या लायसन्समधून नाही, तर या हक्कमालकांवरच्या पट्टीतून येतो. मला स्वतःला इंग्लंडची पद्धत जास्त न्याय्य वाटते. तिथे नदीत प्रत्येकाचा थोडा वाटा असतो. इथे केल्सोजवळ, टेव्हिअट नदी ट्वीडला मिळते तिथल्या 'जंक्शन पूल' नावाच्या प्रसिद्ध डोहावर ऐन हंगामातला एक दिवस मिळवणं सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरचं आहे.

पण ट्राउटची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते सामान्य प्रवाशाने ट्वीडवर तीच करावी. गावोगावच्या अँगलिंग असोसिएशनचं ट्राउटचं तिकीट स्वस्त असतं, गळाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. ब्राऊन ट्राउटचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर, म्हणजे मी शेवटाला पोचलो होतो. माझ्या तिकिटावर फक्त फ्लायला, म्हणजे गळावर पिसं-दोरे गुंडाळून केलेल्या नकली किड्याला, परवानगी होती. गुडघाभर पाण्यात उभा राहून संध्याकाळच्या उजेडात फ्लाय टाकत होतो. बोटभर लांबीचा एक मासा लागला. तिकीट देणाऱ्या आजोबांनी बजावलं होतं, की लहान मासा लागला तर पाठीवरचा शेवटचा छोटा मांसल पर बघ. त्याला लालसर-नारिंगी कड असेल तर ट्राउट, राखाडी असेल तर सॅमनचं पिल्लू. राखाडी होता. सॅमनचं पिल्लू समुद्राकडे निघण्यापूर्वी एक-दोन वर्षं, कधी तीनही, याच पाण्यात वाढतं. जाळंही न लावता पाण्यातच गळ सोडवला.

सॅमनसाठी मी एका साध्या बीटवर, म्हणजे नदीच्या आखून दिलेल्या पट्ट्यावर, जागा घेतली. ट्वीडवर सोबत असणाऱ्या जाणत्या माणसाला बोटमन म्हणतात. स्कॉटलंडमध्ये इतरत्र त्याला गिली म्हणतात. आमचा बोटमन कमी बोलायचा, पण नियम विचारले की खुलायचा. हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. १५ सप्टेंबरपासून शेवटपर्यंत फक्त फ्लाय, लुअर म्हणजे नकली माशासारखी आमिषं बंद. रविवारी सॅमनसाठी रॉड काढायचाच नाही, संपूर्ण स्कॉटलंडमध्ये. १ एप्रिलपूर्वी लागलेला प्रत्येक सॅमन परत सोडणं कायद्याने बंधनकारक. त्यानंतरच्या दिवसांसाठी सरकार दरवर्षी प्रत्येक नदीची प्रतवारी करतं आणि तिसऱ्या प्रतीच्या नदीतला एकही सॅमन वर्षभर मारता येत नाही. गळाने पकडलेला सॅमन विकायला स्कॉटलंडमध्ये २००२ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००९ पासून बंदी आहे.

एवढी सक्ती का, ते आकड्यांत दिसतं. २०२३ साली स्कॉटलंडभरात गळाला लागलेले सॅमन १९५२ पासूनच्या नोंदींतले सर्वांत कमी, ३२,४७७ होते. त्यांतले बहुतेक सगळे परत सोडले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. तापत जाणाऱ्या नद्या, बंधारे, प्रदूषण, समुद्रातले बदल, अशी अनेक कारणं. गळकऱ्याने मासा सोडून दिला तरी ही कारणं जात नाहीत, हे बोटमनही म्हणाला. पण काठावर रोज उभं राहणारा माणूस नसेल तर पाणी बिघडल्याचं पहिल्यांदा कळणार कुणाला, हेही त्यानेच विचारलं. त्या दिवशी सॅमनने दोनदा पाण्याबाहेर उडी मारून दाखवली, फ्लायकडे पाहिलंही नाही. गोड्या पाण्यात आल्यावर तो खाणंच थांबवतो. फ्लाय धरतो तो भुकेने नव्हे.

शेवटी बेरिकच्या धक्क्यावर आलो. समुद्रात काठावरून गरवायला लायसन्स लागत नाही, तिकीटही नाही. शाळकरी मुलं, निवृत्त आजोबा, एक पोलिश कुटुंब, सगळे मॅकरेलसाठी दोर टाकून उभे होते. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचाच नातलग, आणि इथे तो कालवणासाठी नेता येतो. तरीही मापाची पट्टी खिशात हवी. सी बास लागला तर ४२ सेंटिमीटरच्या आतला सोडावाच लागतो, शिवाय त्याचे महिने आणि रोजची संख्या सरकार वरचेवर बदलतं, ती निघायच्या दिवशी पाहावी. आणि ट्वीडच्या मुखाशी सॅमन किंवा सी ट्राउट चुकून लागला, तर धक्क्यावर तुमच्याकडे कुणी लायसन्स किंवा तिकीट मागितलं नव्हतं, हे कारण चालत नाही. त्या माशाला पुन्हा ट्वीडचाच कायदा लागू होतो.